चौथीला शिडी का काढून घेता?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेतून मी निवृत्त झाले. नव्या शिक्षण धोरणामुळे ‘विद्यार्थिकेंद्री’ हा शब्द हल्ली प्रत्येक भाषणात असतो. आपल्याला तो नवा नाही, म्हणून हे पत्र.

म्हैसूर जिल्ह्यात हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालेली नली-कली म्हणजे आनंदाने शिकण्याची पद्धत २००९-१० पासून कर्नाटकभर आली. कार्डं, भिंतीवर शिकण्याची शिडी, पोरांच्या उंचीचे फळे. ज्याने त्याने आपापल्या वेगाने पायरी चढायची. खरं सांगते, पहिलं वर्ष मी वैतागले. कार्डं हरवायची, वर्गाचा बाजार व्हायचा.

मग तिसरीतल्या एकाने विचारलं, “बाई, गोव्याचा समुद्र एवढा जवळ, तरी आपली मलप्रभा उलटी का जाते?” कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि आपल्याच तालुक्यातल्या भीमगडच्या रानातली म्हादई गोव्याला. मी उत्तर दिलं नाही. पोरांनी अंगणात मातीचा डोंगर केला, माथ्यावर पाणी ओतलं, दोन्हीकडचे ओघळ बघितले. एक ओघळ थेट ऑफिसच्या पायरीत शिरला, हेडमास्तर ओरडले. त्या दिवशी गणिताचं एकही कार्ड हललं नाही.

नली-कली तिसरीपर्यंतच. पुढच्या जूनला तीच पोरं चौथीत, बाकांवर, फळ्याकडे तोंड करून. दिवाळीपर्यंत त्या पोराचं विचारणं बंद. त्या मास्तरांना मी बोल लावत नाही. दोन वर्ग एकट्याच्या गळ्यात, वर माहितीचे तक्ते आणि पोर्शन.

तो मुलगा आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. परवा बसस्टँडवर भेटला. कारखान्यात नवं मशीन आलंय म्हणाला. “शिकून घे की,” मी म्हटलं. “विचारायला लाज वाटते बाई, हसतात.” घरी येईस्तोवर तेच डोक्यात.

शिक्षण खात्याला विनंती एवढीच: चौथी ते सातवीला आठवड्यातले दोन तास पोरांच्या प्रश्नांना मोकळे ठेवावेत आणि त्या तासांचा पोर्शन मागू नये. खर्च काही नाही. एसडीएमसीतले, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीतले, निम्मे पालक भात लावणारे आहेत. रोपात अंतर किती आणि का, हे ते बांधावर उभं राहून सांगतील.

कार्डांचा एक जुना संच माझ्या ट्रंकेत आहे. चार-पाच कार्डं कमी आहेत, पण कुठल्या शाळेला हवा असेल तर घेऊन जावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जांबोटी भाग