मुक्कामाची उंचीही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पर्यटन पुरवण्यांत हिमाचल प्रदेशातील चंद्रताल सरोवराची निळीशार छायाचित्रे झळकू लागतात. सोबतच्या सहल-कार्यक्रमात मुक्कामाच्या ठिकाणांची नावे असतात, जेवणाखाणाचा तपशील असतो, पण त्या ठिकाणांची उंची क्वचितच दिलेली असते. माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे आणि चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग खिंड चढावी लागत नाही, त्यामुळे सकाळी मनालीहून निघालेली गाडी त्याच दिवशी सरोवराअलीकडच्या तंबूंपाशी पोहोचते. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असे गिर्यारोहकांना वारंवार बजावले जाते. या कार्यक्रमात तो नियम पहिल्याच रात्री धाब्यावर बसतो.

दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो होतो. सरोवराकाठी फिरताना कोणालाच त्रास झाला नाही, आणि फसगत होते ती इथेच. रात्री माझ्या मेहुण्यांचे डोके ठणकू लागले, दोनदा उलटी झाली आणि पहाटे बुटाची नाडी बांधायला वाकलेले ते तसेच, नाडी हातात धरून, बसून राहिले. सहलीच्या व्यवस्थापकांनी लिंबूपाणी घेऊन पडून राहण्याचा सल्ला दिला. चालक मात्र जाणता होता. उजाडताच त्याने कोणाला न विचारता गाडी खाली काढली आणि कोकसरला पोहोचेपर्यंत मेहुणे चहा मागू लागले होते.

किन्नौरमार्गे नाको, ताबो, काझा असे मुक्काम करत कुंझुम खिंडीतून चंद्रतालला उतरले, तर शरीराला विरळ हवेची सवय होते. दिवस जास्त लागतात, एवढेच. शिवाय हाताशी एखादा दिवस राखीव असलेला बरा, कारण जुलै २०२३ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, बर्फवृष्टीमुळे अडीचशेहून अधिक पर्यटक तिथे अडकून पडले होते.

आपण शहरांचे तापमान रोज छापता. तसेच यापुढे हिमालयातील सहलींची माहिती देताना प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे त्याची उंची मीटरमध्ये द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक