स्वस्त लिथियम चार्जरची तपासणी हवी

महोदय,

मराठवाड्यात कृषिपंपांना बऱ्याचदा रात्रीच वीज मिळत असल्याने, दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या कपाळावर लिथियम सेलची बॅटरी असतेच. परंतु आठवडी बाजारात तिच्यासोबत मिळणाऱ्या स्वस्त चार्जरकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. नेहमीचा ३.७ व्होल्टचा सेल ४.२ व्होल्टपर्यंतच चार्ज करायचा असतो आणि त्या पातळीवर प्रवाह कमी होत होत बंद झाला पाहिजे. काही स्वस्त चार्जरमध्ये ही व्यवस्थाच नसते, त्यामुळे हिरवा दिवा लागला म्हणजे चार्जिंग थांबले, असे मानता येत नाही. दिवा हिरवा झाल्यावर सेल चार्जरमध्ये तसाच ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे यंत्र, लावावा. अर्ध्या तासाने आकडा ४.२५ च्या वर सरकलेला दिसला, तर तो चार्जर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता मोडीत काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चार्जर मुळीच चालत नसेल, तर मात्र फुगलेला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग), जळालेला फ्यूज किंवा सुटलेले सोल्डर बदलून काम भागते. प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा दाब टिकून राहू शकतो, म्हणून तो डिस्चार्ज केल्याखेरीज आत बोट घालू नये.

तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी रब्बीपूर्वी एक दिवस अशी मोफत तपासणी ठेवावी. मल्टीमीटर आणि शिकणारी मुले तेथे आहेतच.

– एक वाचक, सेलू, जि. परभणी