स्टेशनजवळ टॉवर बांधा, पण ऑफिसंही आणा

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

पुण्यात मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम) देण्याचं धोरण आलं. इकडे कल्याण–तळोजा मेट्रो १२ चं काम सुरू आहे. गाडीचा पत्ता नाही, पण तिच्या नावावर फ्लॅट विकणं जोरात आहे. तेच धोरण आमच्याकडे आणणार असाल, तर एका डोंबिवलीकराचं ऐका. उंच इमारतींना माझा विरोध नाही. स्टेशनजवळ उंच बांधायचं नाही, तर कुठे बांधायचं? पण नुसती घरं नकोत.

सकाळी आठला डोंबिवलीत या. सीएसएमटी फास्ट येते तीच भरून. बसायला मिळावं म्हणून काहीजण आधी डाऊन गाडीने कल्याणला जातात आणि तिथून उलटे येतात. त्याच वेळी कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत मात्र हवी ती खिडकी मिळते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडले, पाच जण गेले. मग दरवाजे बंद करण्यावर चर्चा झाली. सगळा जिल्हा एकाच दिशेला का धावतो, हे कोणी विचारलं नाही.

घरांसोबत ऑफिसंही स्टेशनजवळ हवीत, हे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने पूर्वी ओळखलं होतं. नवी मुंबईत रेल्वे आणायच्या खर्चातला ६७ टक्के वाटा तिने उचलला आणि वाशी, बेलापूरला स्टेशनच्या इमारतीतच ऑफिसं थाटली. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) मात्र ऑफिसं वांद्रे आणि कुर्ला दोन्हींपासून लांब. भूमिगत मेट्रो येईपर्यंत कित्येक वर्षं शेअर रिक्षाची रांग हाच जोडरस्ता. परळला गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, पूल जुनाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला परळला लागूनच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या त्या अरुंद जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली.

म्हणून जादा एफएसआयमधला ठरावीक हिस्सा ऑफिसांसाठी सक्तीचा करा. आणि स्टेशनपर्यंतचा फुटपाथ, पूल, जिना तयार झाल्याशिवाय भोगवटा दाखला, म्हणजे इमारतीत राहायची परवानगी, देऊ नका. आज इंदिरा चौकातून जिन्यापर्यंत पोचताना रिक्षा, फेरीवाले, पार्क केलेल्या बाइक यांतून अंग चोरत जावं लागतं. तिथे आणखी चाळीस मजले ओतणार कसे?

खासगी कंपन्या लगेच येणार नाहीत, मान्य. सुरुवात सरकारनेच करावी. मुंबईतली जी सरकारी ऑफिसं भाड्याच्या जागेत आहेत, त्यांतली दोन-चार कल्याण-डोंबिवलीत हलवा. तिथले निम्मे कर्मचारी इथेच राहत असतील.

आपला,
एक पासधारक, डोंबिवली पूर्व