कार्डावर आमचं उत्पन्नही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फायनान्स कंपन्या बायकांचा गट करून, एकमेकींच्या जबाबदारीवर कर्ज देतात. या गटाच्या कर्जाचा विषय निघाला की 'बायकांना हिशेब कळत नाही, मिळेल तिथून उचलतात' असं बोललं जातं. त्याच बायकांपैकी मी एक. म्हणून हे पत्र.

माझे यजमान इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहेत. मजुरी मीटरवर, पगार आठवड्याला. कापडाला उठाव असला तर महिन्याला 15 हजार, नसला तर 11 हजार. मी घरी परकर शिवते, त्याचे साडेचार हजार. सरासरी धरली तर घरात साडेसतरा हजार येतात.

गेल्या वर्षी आमचे हप्ते असे होते: एका फायनान्सच्या गटाचे 4,150, दुसऱ्याचे 3,950, हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलचे 2,100 आणि पतसंस्थेचे 1,400. एकूण 11,600. भाडं 3,000. राहिलेल्या 2,900 मध्ये चार माणसांचं जेवण, गॅस आणि मुलीची शाळा. भागणार कसं? मग एका गटातून टॉपअप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, घ्यायचा आणि दुसऱ्या गटाचा हप्ता भरायचा. हप्त्याच्या दिवशी एकीकडे पैसे कमी पडले तर बाकीच्या बायकांना आपल्या पदरचे घालावे लागतात. त्या बोलल्या नाहीत तरी त्यांच्याकडे बघवत नाही.

नियम मला नंतर समजला. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं विनातारण कर्ज देताना, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं 1 एप्रिल 2022 पासून ठरवून दिलं आहे. आमच्या बाबतीत ही रक्कम 8,750 होते. तरीही दुसरं कर्ज मंजूर झालं कसं? फॉर्मचा फोटो मोबाईलमध्ये होता. मुलीनं तो मोठा करून वाचला. घरचं उत्पन्न महिना 24,000 लिहिलेलं होतं. हा आकडा मी सांगितलेला नव्हता. पण खाली सही माझीच होती, आणि न वाचता सही केली ही चूकही माझीच.

त्यामुळे माझी मागणी एकच आहे. कर्जासोबत आम्हाला कार्ड मिळतं. त्यावर हप्ता, व्याज, तक्रार कुठे करायची हे सगळं आपल्या भाषेत असतं. त्याच कार्डावर धरलेलं उत्पन्न आणि इतर हप्ते यांच्या दोन ओळी छापाव्यात. आकडा फुगवलेला असेल तर घरी नवरा, मुलगी, कुणीतरी वाचेल आणि पैसे उचलण्याआधीच बोलता येईल.

आमच्यापुरता मार्ग आम्ही काढला. वहीच्या एका पानावर सगळी कर्जं मांडली, प्रत्येकाची बाकी आणि व्याज समोरासमोर. गटाचं एक कर्ज 25 टक्क्यांचं निघालं. माझी कानातली आणि अंगठी बँकेत साडेनऊ टक्क्यांनी गहाण ठेवली आणि ते फेडलं. 'मधेच बंद होत नाही' असं वसुलीचे साहेब म्हणाले होते. पण अशा कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंडही लावता येत नाही. पानावर आणखी एक गोष्ट दिसली. पतसंस्थेचं 'फक्त 12 टक्के' हे फ्लॅट व्याज होतं. म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या रकमेवरच. वर्षभराच्या कर्जाला ते खरं तर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतं. आमच्या बचत गटातही शेकडा दोन रुपये महिना व्याज आहे, ते काही कमी नाही. पण ते आमच्याच पेटीत राहतं आणि वर्षअखेर वाटून मिळतं.

आणखी एक सांगायलाच हवं. अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायला मनाई आहे. माझ्या शेजारणीच्या दारात रात्री साडेआठला दोघं बसून होते, तिची मुलं उपाशी झोपली. कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण हे नियम ठळक छापले तर मी ते कात्रण हप्ता भरायच्या जागी भिंतीवर लावीन.

माझं नाव छापू नये ही विनंती. दुसऱ्या गटाचे सात हप्ते अजून बाकी आहेत.

आपली एक वाचक,
इचलकरंजी