आठवड्यात पाच किलो? हिशेब करा

महोदय,

टीव्हीवरील वजन घटवण्याच्या स्पर्धांत आठवड्यात पाच किलो वजन उतरलेले दाखवतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. पाच किलोंसाठी रोज ५,५०० कॅलरींची तूट लागेल, म्हणजे खाण्यापेक्षा तेवढ्या जास्त जाळाव्या लागतील. दादरची लोकल पकडून नोकरी करणाऱ्याला हे जमेल? सुरुवातीला उतरते ते बरेचसे पाणीच. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (शरीरात साठवलेल्या साखरेसोबत) साधारण तीन ग्रॅम पाणी जाते आणि पोळी-भात सुरू होताच परतते. अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेच्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा विश्रांतीतही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते, बहुतेकांचे वजन पुन्हा वाढले होते. (हे अंतिम भागात कोण दाखवणार!) घाईने उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. आठवड्याला अर्धा किलो पुरे. त्याला रोज साधारण ५५० कॅलरींची तूट लागते, म्हणजे जवळपास दोन वडापाव.

– एक आहारतज्ज्ञ, मुंबई