जटायूच्या नादाला लागून

नाशिक
श्रावण

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू पोटभर हसून घेतलंस. साठी ओलांडलेला माणूस पोरांसाठी लिहिलेल्या डिटेक्टिव्ह गोष्टी ओळीनं वाचत बसतो म्हणजे काय! वर तुझा कॉलेजपासूनचा मुद्दा आहेच: चोर कळला की पुस्तक रद्दीत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे लिहितोय.

सत्यजित राय यांचा बंगाली डिटेक्टिव्ह फेलूदा, त्याच्या निम्म्या गोष्टींतला चोर कोण होता, हे मला आज विचारलंस तर सांगता येणार नाही. पण फेलूदा माहितीसाठी ज्यांच्याकडे जातो त्या सिधू ज्याठांच्या खोलीतली वर्तमानपत्रांची कात्रणं आठवतात. फेलूदाची चारमिनार सिगारेट आठवते. तोपशे, म्हणजे या सगळ्या हकिकती सांगणारा त्याचा चुलतभाऊ, मोठा व्हायचं नावच घेत नाही, तेही आठवतं. चोर एका गोष्टीपुरता येतो आणि जातो. ही मंडळी मात्र पुढच्या पुस्तकात पुन्हा भेटतात, म्हणून मी पुढचं पुस्तक उघडतो.

रायांनी पहिली गोष्ट १९६५ साली 'संदेश'मध्ये लिहिली. हे मुलांचं मासिक त्यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी, १९१३ मध्ये काढलेलं. पुढं मोठ्या गोष्टी 'देश' या बंगाली नियतकालिकाच्या पूजा अंकात येऊ लागल्या, आपल्याकडे दिवाळी अंकात यायच्या तशा. पुऱ्या झालेल्या गोष्टी ३५. वाचक पोरं असल्यामुळे प्रेमाच्या भानगडी आणि त्यावरून पडणारे मुडदे सगळं बाद. उरल्या मूर्ती, जुनी हस्तलिखितं, हिरे-माणकं आणि इस्टेटी. हिला दोन पुस्तकं वाचायला दिली, तर म्हणाली, "यांच्या घरात बायका नसतात का हो?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटच्या काही गोष्टी पातळ झाल्यात, हेही कबूल. पण तोवर माणसं इतकी घरची झालेली असतात की आपण चालवून घेतो.

पहिल्या पाच गोष्टींत फेलूदा आणि तोपशे दोघंच आहेत. गोष्टी हुशार आहेत, पण जरा कोरड्या. सहावी 'सोनार केल्ला', १९७१ ची. दोघं राजस्थानला निघालेले असताना रेल्वेच्या डब्यात लालमोहन गांगुली भेटतात, आणि तिथून सगळा रंगच बदलतो. बुटका, टक्कल पडलेला, भित्रा गृहस्थ; टोपणनाव मात्र 'जटायू'. याच्या थरारक कादंबऱ्या हातोहात खपतात. नायक प्रखर रुद्र, आणि पुस्तकांची नावं अनुप्रासानं ठासून भरलेली. आपल्या बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या हे कुणी त्यांना सांगितलं असतं, तर बिचारे तिथंच खचले असते. लिहिताना माहितीचे असे घोळ घालतात की फेलूदा कपाळाला हात लावतो. पण अहंकार औषधाला नाही. चूक दाखवली की मुकाट्यानं दुरुस्त करणारा लेखक तू पाहिलायस कधी? मी तरी नाही. राजस्थानात जाताना कुकरी जवळ, शिमल्याला निघताना बूमरँग. पुढं एक हिरवी सेकंडहँड ॲम्बेसिडर घेतात आणि तिघांची वरात त्यातून निघते.

चित्रंही राय स्वतःच काढायचे. 'सोनार केल्ला'वर त्यांनीच काढलेल्या १९७४ च्या सिनेमात संतोष दत्त जटायू झाले आणि इतके चपखल बसले, की त्यानंतर रायांच्या चित्रांतला जटायूच हळूहळू त्यांच्यासारखा दिसू लागला.

आता एकच प्रसंग सांगतो, मग तुला हवं तेवढं हस. 'जय बाबा फेलुनाथ'मध्ये काशीला मगनलाल मेघराज नावाचा शेठ या तिघांना घरी बोलावतो. गोड बोलतो, आदरातिथ्य करतो. मग करमणूक म्हणून जटायूला फळीला टेकून उभं करतो आणि एका म्हाताऱ्याला त्यांच्या अंगाभोवती सुरे फेकायला लावतो. फेलूदाला नुसतं बघत बसावं लागतं. बाहेर पडल्यावर तो म्हणतो, या अपमानाचा बदला घेतला नाही तर हा धंदाच सोडून देईन. बंड्या, तिथं रहस्य बाजूला पडतं. चोरीला गेलेला गणपती मिळतो की नाही, याची मला फिकीर उरली नव्हती. त्या घाबरट माणसाची भरपाई व्हायला हवी, एवढंच वाटत होतं. ही हातोटी पहिल्याच गोष्टीत साधली नसती. त्याआधी जटायूबरोबर वाळवंट, बर्फ, रेल्वे सगळं पालथं घालावं लागतं.

एक गोष्ट आपल्या बाजूचीही आहे. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं मुंडकं चोरीला जातं आणि माग काढत ही मंडळी वेरुळला येऊन थडकतात. आपण शाळेच्या सहलीत कैलास लेण्यात आरडाओरडा करत धावलो, तेवढंच आपलं वेरूळ. ती गोष्ट वाचल्यावर या खेपेला तिथं गेलो, तर मोडक्या मूर्ती बघताना प्रत्येक ठिकाणी मनात येत होतं: हे काळानं मोडलं की कुणी कापून नेलं?

आणि जटायूच्या नावावर आपला हक्क आहे बरं का. इगतपुरीजवळच्या टाकेदला रामानं रामायणातल्या जटायूला शेवटचं पाणी पाजलं असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. लालमोहनबाबूंना रायांनी कधी इगतपुरीला उतरवलं असतं, तर त्यांनी नक्की त्यावरही एक कादंबरी ठोकली असती, आणि तीही चुकीच्या माहितीसकट. तू आलास की टाकेदला जाऊन येऊ. सिंहस्थाच्या कामांनी गावात रस्ते खणून ठेवलेत, तेव्हा स्टेशनवरून रिक्षावाला जास्त मागेल, घासाघीस कर.

भाच्याबरोबर दोन पुस्तकं पाठवतोय, अशोक जैनांनी मराठीत आणलेली. 'सोनार केल्ला' आधी वाच, काशीची गोष्ट नंतर. उलट केलंस तर सुऱ्यांच्या प्रसंगाला काही अर्थ राहणार नाही. दोन्ही पुस्तकं परत हवीत, आणि कोपरे न दुमडता. वहिनींना नमस्कार सांग. त्यांनी आधी पळवलं तर भांडू नकोस.

तुझा,
नाना