कोकणात उडताना खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

महोदय,

ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गातील चिपीचा आणि जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातील मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून दक्षिण कोकणातील चाकरमान्यांना विमानाने गावी येण्याचा मार्ग खुला झाला. तिकीट काढताना भाडे आणि वेळ सगळेच पाहतात; खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्यामुळे ज्या किनाऱ्यावर आपण लहानाचे मोठे झालो, तो वरून पाहण्याची संधी असूनही अनेकांना विमानाचा पंख किंवा नुसते पाणी पाहत यावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुंबईहून दक्षिणेकडे येताना डाव्या हाताला पूर्व आणि उजव्या हाताला पश्चिम असते. बहुतेक विमानांत ‘ए’ हे आसन डाव्या खिडकीशी, तर ‘एफ’ उजव्या खिडकीशी असते. विमान समुद्रावरून आले तर किनारा डावीकडे दिसतो, जमिनीवरून आले तर उजवीकडे. आणि नेमका मार्ग हवामानावर व हवाई वाहतूक नियंत्रणावर अवलंबून असल्याने तो प्रवाशाला आधी कळत नाही. तरीही येताना डावी बाजूच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. मुंबईहून समुद्राच्या दिशेने उडालेले विमान दक्षिणेकडे वळते तेव्हा त्याची डावी बाजू खाली कलते आणि वरळीपासून कुलाब्यापर्यंतचे शहर, बंदराचे मुख व पलीकडचा अलिबागचा किनारा नजरेत येतो. पुढे विमान समुद्रावरच राहिले, तर राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या एकामागून एक उलगडत जातात, मधले जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारे, दिसतात आणि त्यांच्यामागे सह्याद्री उभा असतो. विमान आत सरकले, तरी डाव्या खिडकीतून सह्याद्री जात नाही. उजव्या खिडकीत मात्र विमान समुद्रावर असेल तर पाण्याखेरीज काहीच नसते.

चिपीला विमान समुद्राकडून उतरत असेल तर मालवणकडची उत्तर दिशा डावीकडे येते, म्हणजे पुन्हा हीच बाजू लाभाची ठरते. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधली देवबागची चिंचोळी वाळूची पट्टी किती नाजूक आहे, हे तिच्यावरून चालताना उमगत नाही. वरून एका दृष्टिक्षेपात उमगते. हवा स्वच्छ असल्यास मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्गही दिसू शकतो.

अडचण आहे ती सकाळच्या उन्हाची. सूर्य पूर्वेला असल्याने डाव्या खिडकीत डोळे दिपतात आणि किनारा काळपट दिसतो. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येते व तोच किनारा उजळून निघतो, म्हणून शक्य असल्यास दुपारचे विमान निवडावे. परतीच्या प्रवासात अर्थातच बाजू उलटते आणि उजवी खिडकी पूर्वेची होते. ऋतूंत ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पावसाने हवा धुऊन निघालेली असते आणि सड्यांवर गवत असते. एप्रिल-मे महिन्यांत धुरकट हवेमुळे फारसे दिसत नाही.

आसनांची रांगही पाहावी. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये पंख खिडक्यांच्या खाली असतो, तेव्हा पंखापुढची रांग घ्यावी. मागे बसल्यास इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे दृश्य थरथरते. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या पुढे एखाद्या रांगेला खिडकीच नसते, कारण तेथून वातानुकूलनाची नळी जाते. छोट्या एटीआर विमानात पंख खिडक्यांच्या वर असल्याने खालचे दृश्य मोकळे राहते. फक्त मधल्या रांगांत इंजिन आडवे येते, म्हणून तेथे मागची रांग बरी.

या मार्गांवरील विमान कंपन्यांना माझी विनंती आहे की, आसन निवडण्याच्या पानावर पंखाची जागा आणि बिनखिडकीची रांग स्पष्ट दाखवावी. वैमानिकांनीही जंजिरा, सुवर्णदुर्ग किंवा विजयदुर्ग जवळ आल्यावर तो कोणत्या बाजूला आहे, हे मराठीतून सांगावे. आपल्या वृत्तपत्राने सुट्ट्यांच्या हंगामाआधी या किनाऱ्याचा, खाड्या आणि किल्ले दाखवणारा एक छोटा नकाशा छापला, तर तो घेऊनच आम्ही विमानात बसू.

– एक वाचक, मालवण